छताची सरासरी आणि छताची दिशा : कामठी कोळसाक्षेत्रातील प्रकल्प नोंदी

६ मे

काम सुरू. नागपूरच्या उत्तरेला कामठी कोळसाक्षेत्रातली भूमिगत खाण, बोर्ड अँड पिलर पद्धत, म्हणजे जाळीसारख्या गॅलऱ्या खोदून मधे कोळशाचे खांब (पिलर) ठेवायचे. पॅनलचा (खाणीतल्या एका विभागाचा) अर्धा भाग उघडून झाला आहे, उरलेला पावसाळा संपला की काढायचा आहे. उघडलेल्या भागातलं छत नीट वाचायचं आणि त्यावरून न उघडलेल्या भागाचा धोक्याचा नकाशा करून द्यायचा, एवढंच या प्रकल्पाचं काम. २०१७ च्या कोळसा खाण विनियमांप्रमाणे स्ट्रॅटा कंट्रोल अँड मॉनिटरिंग प्लॅन (छत सांभाळण्याचा आणि त्यावर लक्ष ठेवण्याचा आराखडा) लागतोच. हा नकाशा त्यात जाईल.

जमवलेली माहिती: पॅनलची खोली सरासरी १८० मीटर. गॅलरी ४.२ मीटर रुंद, ३ मीटर उंच. पिलर मध्यापासून मध्यापर्यंत ३० मीटर. कोळसा सॉलिड ब्लास्टिंगने (आधी खाप न पाडता थेट सुरुंग लावून) निघतो. कोळशाचा थर बाराकर खडकसमूहातला. त्यावर कामठी खडकसमूहाचा लालसर, भरड, पाणी धरून ठेवणारा वालुकाश्म आणि वर नदीच्या गाळाची माती. थराचा उतार नैर्ऋत्येकडे, म्हणून लेव्हल गॅलऱ्या (उताराला आडव्या, सपाट) वायव्य–आग्नेय आणि डिप गॅलऱ्या (उताराच्या दिशेने) त्यांना काटकोनात. या भागातले मोठे फॉल्टही (खडक तुटून सरकल्याच्या रेषा) बहुतेक वायव्य–आग्नेयच धावतात. ही गोष्ट आत्ताच ठळक लिहून ठेवते.

९ मे

बोअरहोलचे कोर (भोकातून काढलेले दगडाचे दंडगोल नमुने) पाहिले. छताच्या पहिल्या दोन मीटरांत सगळीकडे जवळपास एकच रचना. कोळशाला लागून ४० सेंमी पातळ पापुद्र्यांचा काळा शेल (चिखलाचा झालेला खडक), त्यावर १.६ मीटर मध्यम कणांचा वालुकाश्म.

आरएमआर (रॉक मास रेटिंग, छताच्या दर्जाचे गुण) काढला. ही पद्धत धनबादच्या सीएमआरआय (खाण संशोधन संस्था) आणि आयएसएम (खाण शिक्षणसंस्था) यांनी १९८७ मध्ये भारतीय कोळसा खाणींसाठी बसवली. शंभरातले ३० गुण थराच्या जाडीला, २५ जॉइंट (भेगा), स्लिप (दगड घसरल्याच्या गुळगुळीत भेगा) वगैरे रचनेला, २० हवापाण्याने झिजण्याला, १५ दगडाच्या ताकदीला आणि १० झिरपणाऱ्या पाण्याला. दगड किती कठीण हा प्रश्न चौथ्या क्रमांकावर येतो, यातच या पद्धतीचं शहाणपण आहे. छत पडतं ते दगड फुटल्याने कमी आणि दगड सुटल्याने जास्त.

शेलचा आरएमआर ३० आला, वालुकाश्माचा ५५. पद्धतीप्रमाणे जाडीच्या प्रमाणात सरासरी: (०.४ × ३० + १.६ × ५५) ÷ २ = ५०. सॉलिड ब्लास्टिंगसाठी ०.९ ने गुणायचं, म्हणजे ४५. मध्यम प्रतीचं छत.

त्यावरून गॅलरीतला खडकभार: रुंदी × घनता × (१.७ − ०.०३७ आरएमआर + ०.०००२ आरएमआर²). घनता २.२ धरली की चौरस मीटरला ४.१ टन. एका ओळीत चार बोल्ट (छतात भोक पाडून बसवलेल्या पोलादी सळया), प्रत्येकी १० टन, ओळींत १.२ मीटर अंतर, म्हणजे आधार ७.९ टन. सुरक्षा गुणक १.९५. कागदावर सगळं ठीक.

पण माणसाच्या डोक्यावर ५५ चा वालुकाश्म नसतो, ५० ची सरासरीही नसते. असतो तो ३० चा शेल. ४० सेंमी जाडीच्या एका चौरस मीटर शेलचं वजन ९०० किलोच्या आसपास. बोल्टला हा भार किरकोळ आहे. मात्र हा शेल बोल्टच्या मधून सुटतो आणि खाली माणूस असेल तर ९०० किलो पुरेसे होतात. सुरक्षा गुणक १.९५ असलेल्या गॅलरीतही अपघात होऊ शकतो, तो असा.

१४ मे

खाली उतरून मॅपिंग. सोबत मायनिंग सरदार (पाळीच्या सुरक्षेची जबाबदारी असलेले) आणि एक जुने ड्रेसर (छत ठोकून सुटे दगड पाडणारे).

होकायंत्राचा इथे भरवसा नाही. छतातले बोल्ट, बेल्टची चौकट, रूळ, सगळं लोखंड, सुई कुठेही फिरते. म्हणून प्रत्येक भेगेचा कोन गॅलरीच्या मध्यरेषेपासून घेतला. मध्यरेषेची दिशा सर्व्हेच्या नकाशात पक्की असते.

ड्रेसरभाऊ लांब दांड्याने छत ठोकत पुढे जात होते. धड छताचा आवाज टणक येतो, सुटलेल्याचा ढोल. एका जागी त्यांनी दांडा खाली घेतला आणि दुसऱ्या हाताचा तळवा छताला टेकवून पुन्हा ठोकलं. "मॅडम, इथं हात लावा. आवाज नाही कळत, पण हाताले थरथर लागते." लागली. चांगल्या छताच्या ठोक्याला हाताला काही जाणवत नाही. वेगळा झालेला पापुद्रा मात्र थरथरतो. कान गोंगाटात फसू शकतो, हात कमी फसतो. ही तपासणी मी नकाशाच्या पद्धतीतच घातली. प्रत्येक चौकात किमान चार जागी.

आजची मोठी नोंद मात्र स्लिपची. तिसऱ्या लेव्हलमध्ये पिलरच्या कडेला अगदी लागून एक स्लिप छतात शिरते, उतार ६० अंशांच्या आसपास. दिव्याचा झोत तिरका टाकला की पृष्ठभाग चकाकतो. त्यावरून बोट फिरवलं, एका बाजूने गुळगुळीत गेलं. उलट फिरवलं तर बारीक पायऱ्या बोटाला अडल्या. कधीकाळी दोन बाजू एकमेकींवर घासल्याची ही खूण. अशा पृष्ठभागाला चिकटून धरण्याची ताकद जवळजवळ नसते. स्लिपची दिशा वायव्य–आग्नेय, लेव्हलशी फार तर १० ते १५ अंशांचा फरक. म्हणजे ही स्लिप गॅलरीला आडवी कापून मोकळी होत नाही, सोबत चालत राहते.

१७ मे

पिलर आधी तपासून बाजूला ठेवले. खडक-अभियांत्रिकीचे संशोधक शेओरे यांचं सूत्र घेतलं: ०.२७ × कोळशाची ताकद × उंची^−०.३६, अधिक (खोली/२५० + १) × (रुंदी/उंची − १). कोळशाची ताकद ३० मेगापास्कल धरली तर पिलरची ताकद १८.५ आणि त्याच्यावरचा भार ६.१. गुणक ३ च्या वर.

पिलरचा प्रश्न हलका नाही. दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुकला २१ जानेवारी १९६० रोजी पिलर एकामागून एक दबत गेले आणि ४३७ माणसं गेली. सॅलॅमन आणि मन्रो यांचं १९६७ चं पिलर सूत्र त्या दुर्घटनेनंतरच्या अभ्यासातून आलं. आमच्या पॅनलमध्ये पिलर भक्कम आहेत. इथला प्रश्न छताचा आहे.

२१ मे

आज बसून तुळईचा हिशेब केला. थरांचं छत म्हणजे दोन्ही टोकांना पिलरवर घट्ट बसलेली तुळई. स्वतःच्या वजनाने ती वाकते, खालची बाजू मधोमध आणि वरची बाजू टोकांना ताणली जाते. टोकाजवळचा सर्वांत मोठा ताण = घनता × रुंदी² ÷ (२ × जाडी).

जाडी भाजकात आहे, हे सगळ्याचं मूळ. ४० सेंमी शेल एकसंध असेल तर ताण ०.४९ मेगापास्कल. तोच शेल ५ सेंमीच्या आठ पापुद्र्यांत सुटला तर प्रत्येक पापुद्रा आपापला भार एकटा पेलतो आणि ताण ३.९ होतो. आठ पट! एवढा ताण पापुद्र्यांचा शेल सोसू शकत नाही. वहीची सुटी पानं लगेच वाकतात, तीच शिवून पुठ्ठ्यात बांधली की ताठ राहतात. बोल्टचं पहिलं काम हेच, पापुद्रे सुटायच्या आत त्यांना शिवून टाकणं. म्हणून बोल्ट किती टनांचा याइतकंच तो किती लवकर बसला हे महत्त्वाचं. थर एकदा एकमेकांवरून सरकले की नंतर मारलेला बोल्ट नुसता लटकवतो, शिवत नाही.

मग चौक. ४.२ मीटरच्या दोन गॅलऱ्या जिथे मिळतात तिथे कर्ण ५.९ मीटर. रुंदी १.४ पट, ताण रुंदीच्या वर्गात वाढतो म्हणून दुप्पट, आणि झोल चौथ्या घातात वाढतो म्हणून चौपट. तुळईचं गणित चौकाला तंतोतंत लागू नाही, पण छत चौकातच जास्त का पडतं ते यातून स्वच्छ दिसतं.

आता १४ मेची स्लिप. गॅलरीच्या मधोमध लांबीने स्लिप गेली तर तुळई तुटून दोन अर्ध्या फळ्या दोन बाजूंनी बाहेर आलेल्या राहतात, ताण दीडपट. तीच स्लिप पिलरच्या कडेला लागून गेली तर पूर्ण ४.२ मीटरची फळी एकाच बाजूने धरलेली राहते. ताण सहापट. स्लिप तीच, दगड तोच, खोली तीच. फक्त जागा दोनेक मीटर सरकली.

आरएमआरमध्ये या स्लिपने रचनेच्या २५ गुणांतले सात-आठ गुण कमी होतात. प्रत्यक्षात ती छताचा एक आधारच काढून घेते. सरासरी आकड्यात ही गोष्ट मावत नाही, ती नकाशावर रेघ म्हणूनच दाखवावी लागते.

३० मे

आडवा दाब. खाणीत बहुतेक जण वरचं वजन धरून बोलतात, बाजूने येणारा दाब विसरतात.

उभा दाब सोपा: खोली × ०.०२५, म्हणजे १८० मीटरला ४.५ मेगापास्कल. आडव्यासाठी भारतीय कोळसाक्षेत्रांत वापरतात ते शेओरे यांचं सूत्र: २.४ + ०.०१ × खोली. इथे ४.२ येतो, उभ्याच्या जवळपास बरोबरीत. ६० मीटर खोलीवर उभा १.५ आणि आडवा ३. उथळ खाणीत आडवा दाब उभ्याच्या दुप्पट असू शकतो, म्हणून "खोली कमी म्हणजे काळजी कमी" हे छताच्या बाबतीत धरून चालू नये.

आडवा दाब शत्रूच असतो असंही नाही. बेताचा असेल तर तो छताच्या फळीला दोन्ही बाजूंनी आवळून धरतो आणि ताणाच्या भेगा उघडू देत नाही. पण फळी पातळ असली तर तीच आवळणी तिला कमानीसारखी खाली फुगवते. हिशेब केला, लवचिकता ५ गिगापास्कल धरून. १० सेंमीचा पापुद्रा ९.३ मेगापास्कलपर्यंत टिकतो. ५ सेंमीचा २.३ लाच वाकतो. इथला दाब ४.२. म्हणजे या पॅनलमध्ये धोक्याची सीमा ५ आणि १० सेंमीच्या मध्ये कुठेतरी आहे. कोरच्या पेट्यांतल्या शेलचे पापुद्रे बहुतेक याच्या खालच्या बाजूचे.

दिशेचा मुद्दा यातूनच निघतो. भारतीय प्लेट उत्तर-ईशान्येकडे रेटते आहे, आणि मध्य भारतात आडव्या दाबाचा मोठा घटक साधारण त्याच दिशेने असतो. डिप गॅलऱ्या ईशान्य–नैर्ऋत्य, म्हणजे दाबाशी लहान कोनात, त्या सुखात. लेव्हल त्याला ६५ अंशांच्या आसपास आडव्या, दाब त्यांच्या छतावर एका कोपऱ्यात एकवटतो. परत नकाशा काढून पाहिला: लेव्हल गॅलऱ्यांच्या एकाच बाजूच्या कोपऱ्यात छताचा चुरा होऊन लांबट खाच पडलेली. डिप गॅलऱ्यांत अशी खाच कुठेच नाही. स्लिप लेव्हलच्या सोबत, दाब लेव्हलच्या आडवा. दोन्ही गोष्टी लेव्हललाच नडतात.

१२ जून

पाऊस आला. वर माती ओली व्हायला वेळ लागेल, पण खाली हवा आजच बदलली. पंखा आत ओढतो ती हवा दमट आणि गरम, खालचं छत गार, त्यामुळे शेलवर घाम धरतो.

शेलचा एक तुकडा नळाच्या पाण्यात टाकून ठेवला होता. जेवण होईपर्यंत कडा सुटल्या, संध्याकाळी तळाशी चिखल आणि मध्ये काही चकत्या. शेजारच्या भांड्यातला वालुकाश्म जसाच्या तसा. झिजण्याला २० गुण का, याला यापेक्षा चांगला पुरावा नको. मे महिन्यात ठोकून टणक वाजलेल्या जागा ऑगस्टमध्ये पुन्हा ठोकायच्या, असं नकाशावरच लिहिलं.

२६ जून

तिसऱ्या लेव्हलच्या चौकातल्या टेलटेलची (छताची हालचाल रंगीत पट्ट्यांवर दाखवणारं साधं उपकरण) वरच्या अँकरची पट्टी पिवळ्यात आली. खालच्या अँकरची हिरवीच आहे.

दोन पट्ट्यांचा अर्थ वेगळा. खालच्या अँकरची पट्टी बोल्टच्या उंचीतली हालचाल दाखवते, वरच्या अँकरची बोल्टच्याही वरची. म्हणजे शेल आणि बोल्ट जागेवर आहेत, मात्र १.८ मीटरच्या वर वालुकाश्मात काहीतरी उघडतं आहे. बोल्टनी शिवलेला सगळा गठ्ठाच खाली यायला पाहतो आहे. अशा वेळी त्याच लांबीचे आणखी बोल्ट मारून काही होत नाही.

चौकाचं सूत्र वेगळं: ५ × रुंदी^०.३ × घनता × (१ − आरएमआर/१००)². आरएमआर ४५ ला ५.१ टन. पण या चौकात स्लिप आहे, पाणी आहे, म्हणून मूळ आकडा ४२, ब्लास्टिंगनंतर ३८. भार ६.५ टन, गुणक १.२२. गॅलरीत १.९५ दाखवणारा तोच आधार इथे १.२२ वर येतो.

सरदारांनी कुणाची वाट न पाहता चौकाच्या चारही बाजूंना कुंपण घालून काम थांबवलं. तो अधिकार त्यांचा आहे आणि त्यांनी तो लगेच वापरला, याची इथे मुद्दाम नोंद करते. संध्याकाळच्या पाळीत दोन कॉग (ओंडके आडवेउभे रचून केलेले आधार) उभे राहिले, नंतर स्लिपच्या पलीकडच्या धड दगडापर्यंत पोचतील असे लांब केबल बोल्ट.

५ जुलै

पट्टी स्थिर. कुंपण अजून आहे.

आज पुढचा विचार. डिपिलरिंग (मागे ठेवलेले पिलर काढणं) सुरू झालं की कामठीचा जाड वालुकाश्म गोफवर (कोळसा काढून रिकाम्या झालेल्या जागेवर) लटकून राहील की वेळेवर पडेल? छत्तीसगडमधल्या चुरचा खाणीत १९९० मध्ये लाँगवॉलचं (कोळशाची लांब भिंत सलग कापत जायची पद्धत) छत आधारांसकट बसलं. वर डोलराइटची जाड सिल (थरांमध्ये शिरून गोठलेल्या अग्निजन्य खडकाची लादी) होती, ती लवकर तुटली नाही आणि तुटली तेव्हा सगळा भार एकदम आला. छताचा अभ्यास दोन मीटरवर थांबवता येत नाही, याचं हे उदाहरण. आमच्याकडे डोलराइट नाही, पण जाड, सांधे कमी असलेला वालुकाश्म आहे. डिपिलरिंगच्या टप्प्यासाठी वेगळी नोंदवही लागेल. तो या प्रकल्पाचा भाग नाही.

१६ जुलै

प्रस्ताव लिहिला.

पॅनल फिरवता येत नाही. बेल्ट, पाण्याचा उतार आणि वारा, तिन्ही लेव्हलवर बसवलेले. शिवाय गॅलऱ्या काटकोनात असल्या की एक दिशा सुधारताना दुसरी बिघडतेच. म्हणून वाईट दिशेतली गॅलरी कमीत कमी खोदायची. पिलर ३० × ३० ऐवजी ३० × ४०, लांब बाजू डिपकडे. लेव्हलची एकूण लांबी पाव हिश्श्याने कमी होते, चौकही तेवढेच कमी.

दुसरं, चौक शक्यतो मोडून तिठे करायचे. लेव्हल समोरासमोर न उघडता थोडी सरकवून. तिठ्यात एका बाजूला सलग पिलर राहतो.

तिसरं, स्लिपच्या रेषा न उघडलेल्या भागात वाढवून दाखवल्या आहेत. जिथे रेष चौकात किंवा पिलरच्या कडेला येते तिथे चौक काही मीटर मागेपुढे घ्यायचा. स्लिपच्या बाजूचे बोल्ट सरळ वर न मारता तिरके, स्लिप ओलांडून पलीकडच्या दगडात.

चौथं, सगळ्या लेव्हलमध्ये डब्ल्यू-स्ट्रॅप (बोल्टांना जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या) आणि जाळी. हे ९०० किलोच्या शेलसाठी.

पाचवं, रुंदी ४.२ वरून ३.६. ताण २७ टक्क्यांनी उतरतो.

२ ऑगस्ट

बैठक झाली. रुंदीवर वाद झाला आणि तो योग्यच होता: ३.६ मध्ये लोडर वळवायला त्रास, वळताना माणूस आणि मशीन यांच्यात जागा उरत नाही, म्हणजे एक धोका घालवून दुसरा आणायचा. शेवटी ठरलं की ३.६ फक्त नकाशावर लाल केलेल्या स्लिपपट्ट्यांत, आणि त्या पट्ट्यांत वळण ठेवायचं नाही.

३० × ४० मान्य. तिठे मान्य, पण बेल्टच्या लेव्हलवर नाही. मी बेल्ट लेव्हलच्या प्रत्येक चौकात टेलटेल आणि केबल बोल्ट मागितले. टेलटेल मिळाले, केबल बोल्ट लाल चौकांपुरते. माझं मत अजूनही सगळ्या चौकांत हवेत असंच आहे, आणि ते इतिवृत्तात नोंदवून घेतलं. जाळीवर कोणी काहीच हरकत घेतली नाही. बहुधा बैठकीआधी सगळे त्या शेलखालून चालत आले होते म्हणून.

ड्रेसरच्या ठोक्याच्या नोंदींसाठी नकाशावर आता वेगळं चिन्ह आहे: टणकला भरीव टिंब, ढोलला पोकळ, थरथरीला पोकळ टिंबात रेघ. नकाशाची एक प्रत पाळी सुरू होते तिथल्या फलकावर लावली. दोन पाळ्यांत त्यावर खडूने तीन नवी पोकळ टिंबं आली. मी काढलेली नव्हती. तिन्ही पाचव्या लेव्हलच्या वायव्य टोकाला, जिथे माझ्या नकाशात स्लिपची रेष संपते. रेष पुढे जाते, हे उघड आहे. उद्या तिकडूनच सुरुवात.